पिवळा रंग झाकत नाही

हेटी ब्लॅनचर्ड त्या दुकानात शिरली ती काही विकत घ्यायला नाही, डोकं फिरलं होतं म्हणून.

बाहेर समुद्रावरून पाऊस येत होता. इंग्लंडमधल्या या ग्रिम्झबी बंदराचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो आणि कॉलरमधून थेट पाठीत शिरतो. छत्रीला तो भीक घालत नाही. हेटीनं छत्री आणलीच नव्हती. ती नुकतीच कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सच्या दुकानातून उठून आली होती, आणि तिथल्या टेबलावर, व्हिनेगरच्या बाटलीशेजारी, डेस्मंडची साखरपुड्याची अंगठी ठेवून आली होती. साखरपुडा होऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाचं विचारलं की डेस्मंड म्हणायचा, "अजून योग्य वेळ आलेली नाही." आजही तेच म्हणाला, आणि म्हणता म्हणता तिच्या बशीतली चिप उचलून तोंडात टाकली. सहा वर्षं तिनं गिळली होती. ती चिप मात्र तिला गिळवेना.

हेटी टॅक्सी कंपनीत फोनवर बसायची. गावातल्या प्रत्येकाला जिथं जायचं तिथं पोचवायची आणि स्वतः सहा वर्षं एकाच थांब्यावर उभी. हसू येतं ना? तिलाही आलं. मग रडू आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती समोर जे दार होतं ते ढकलून आत गेली.

आत छतापर्यंत खोके होते, सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेलांचे. विमानं, जहाजं, रणगाडे, मोटारी... सगळ्या खोक्यांवर चित्रं आणि सगळ्या चित्रांत धूर. एकाच खोक्यावर धूर नव्हता. त्यावर बचावदलाचं पिवळं हेलिकॉप्टर होतं, खाली खवळलेला समुद्र आणि दोरावर लोंबकळणारा एक माणूस.

तिनं तो खोका उचलला.

"भाच्यासाठी का?" काउंटरमागून आवाज आला.

"मला भाचा नाही."

"मग पुतण्या..."

"तुमच्या दुकानात बायकांना हात नसतात का हो?"

काउंटरमागचा माणूस उभा राहिला. उंच, किडकिडीत, तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. कान लाल झालेले. बोटं मात्र लख्ख स्वच्छ, रंग आणि गोंद विकणाऱ्याची वाटू नयेत इतकी.

"असतात," तो म्हणाला. "म्हणजे... तुमचे आहेतच. चांगले आहेत. म्हणजे मी बघत नव्हतो—"

"यात काय काय येतं?"

आपल्या विषयावर आल्याबरोबर त्याची जीभ सुटली. "सगळं येतं. सुटे भाग, रंगाच्या चार कुप्या, दोन ब्रश, गोंदाची नळी. नवशिक्यांचा खोका म्हणतात याला. बाहेरून काही आणावं लागत नाही."

"घरी न्यायचं आणि सुरू करायचं?"

"हो. म्हणजे आधी सूचना वाचायच्या. मग भाग साबणाच्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे, मग न चिकटवता एकदा जुळवून बघायचे, मग—"

"सुरू कधी करायचं?"

त्यानं चष्मा पुसला.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "हे नका घेऊ. पिवळा आहे. पिवळा रंग झाकत नाही. कितीही हात मारा, खालचं दिसतच राहतं. खाली आधी पांढरा द्यावा लागतो आणि या खोक्यात पांढरा नाही. त्यापेक्षा हे करडं विमान घ्या. करडा सगळं पोटात घालतो. चुका दिसत नाहीत."

"चुका पोटात घालायचं काम मी सहा वर्षं केलंय," हेटी म्हणाली. "आता दिसल्या तरी चालतील. हेच द्या."

खरं कारण तिनं सांगितलं नाही. ती लहान असताना तिच्या बापाची मासेमारीची बोट कलंडली होती. आई खिडकीशी दगडासारखी बसली होती आणि घरावरून एक पिवळं हेलिकॉप्टर समुद्राकडे गेलं होतं. संध्याकाळी बाप परत आला, कुणाची तरी आखूड पॅन्ट घालून, आणि दारातच म्हणाला, "चहा टाक." वेळेवर आलेली एकच गोष्ट हेटीनं आयुष्यात पाहिली होती. ती पिवळी होती.

खोका पिशवीत घालताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही पिशवी सोडली. खोका काउंटरवर आपटला.

"अडलं काही तर... या," तो म्हणाला. "मी वेस्ली. वेस्ली ड्रूरी."

"अडणार नाही," हेटी म्हणाली.

अडलं. लगेच अडलं.

पुढच्याच आठवड्यात ती बिस्किटांच्या डब्यात हेलिकॉप्टरचे तुकडे घेऊन हजर. नखांत पिवळा, केसांत पिवळा, कानाच्या पाळीला पिवळा. ज्या प्लॅस्टिकवर पिवळा असायला हवा होता तिथं मात्र खालचा करडा डोकावत होता.

"झाकत नाही," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं."

"असं म्हणणाऱ्या माणसांना आम्ही टॅक्सी पाठवत नाही."

तो हसला. हसताना तोंडावर हात धरायची त्याची सवय तिला दिसली, आणि तो हात बाजूला करावा असं तिला वाटलं. वाटलं तसा तिनं विचार झटकला. नुकतं एक जोखड उतरवलंय बाई, मान तरी मोकळी होऊ दे.

मग ती येतच राहिली. कधी पंखा बसत नाही म्हणून, कधी काच धुरकट झाली म्हणून. अन् कधी कधी काहीच अडलेलं नसायचं. तुम्हीचं तू कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही. वेस्ली तिला सगळं समजावायचा. त्याला सगळं येत होतं. कुठल्या रंगाला किती थेंब पाणी, कुठल्या मॉडेलवर बोल्टच्या रेषा कुठं चुकीच्या कोरल्यात, गावातल्या कुणाच्या विमानाचा सांधा कुठं उघडा पडलाय. आणि दर शनिवारी दुकान बंद करताना तो म्हणायचा, "उद्या रविवार..." आणि काचेतून बाहेर बघायचा. "पाऊस नसेल तर क्लीथॉर्प्सच्या धक्क्यावर लोक फिरायला जातात, नाही का?"

"जातात," हेटी म्हणायची आणि थांबायची.

"हो. जातात लोक," तो म्हणायचा, आणि कुलूप लावायचा.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुरुष देवानं एकाच साच्यातून काढले असावेत. हेटीला असा राग यायचा की घरापर्यंत ती पावसाशी भांडत जायची.

भिंतीवर एक कागद लावलेला होता. गावातल्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबचा वार्षिक मेळा, चर्चमागच्या सभागृहात. त्यात एक गट होता, 'फक्त खोक्यातलं'. खोक्यात जे मिळेल तेवढंच वापरायचं, वरून काही लावायचं नाही आणि दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

"हा गट माझ्यासाठीच काढलाय," हेटी म्हणाली.

"तो फार कडक असतो. मिस्टर पास्क टॉर्च लावून बघतात. आणि तुझा पिवळा संपत आलाय. संपला तर दुसरी कुपी वापरता येणार नाही."

"संपला तर संपला."

"लोक हसतील, हेटी."

"तू हसशील?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला. ते एवढं सरळ आलं की हेटीनं उगाच ब्रश पुसायला घेतला.

त्या दिवशी हेलिकॉप्टरचे दोन अर्धे जोडायचे होते. तिनं कडांना गोंद लावला. दोन्ही बाजू हातात राहीनात, एक धरावी तर दुसरी सुटायची.

"धर ना," ती म्हणाली.

त्यानं धरलं. त्याची बोटं तिच्या बोटांवर आली आणि या वेळी कुणी काही सोडलं नाही.

"हा खरा गोंद नसतोच," तो हळूच म्हणाला. "गोंद मध्ये बसून दोन वस्तू धरून ठेवतो. हा प्लॅस्टिक वितळवतो. दोन्ही कडा मऊ होतात आणि एकमेकींत जातात. मग सुकलं की... सांधा उरतच नाही. एकच वस्तू होते."

"किती वेळ धरायचं?"

"घाई करायची नसते."

"मी कुठं घाई केली?" हेटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

पाऊस काचेवर टकटकत होता. त्यानं हात काढला तेव्हा फटीतून आलेल्या गोंदानं आपलं काम केलेलं होतं. हेलिकॉप्टरच्या कुशीवर त्याचा अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ, प्लॅस्टिकमध्ये कायमचा.

वेस्ली पांढराफटक पडला. "वाटोळं केलं मी... थांब, पॉलिश पेपरनं घासून काढतो, दिसणारसुद्धा नाही—"

"पॉलिश पेपर खोक्यात होता का?"

"नाही, पण..."

"मग राहू दे." ती उठली. "मी चहा ठेवते. तुझा चेहरा बघून वाटतंय खून झालाय."

किटली मागच्या खोलीत होती. हेटीनं दिवा लावला, किटलीचं बटण दाबलं आणि तिथंच उभी राहिली. चारी भिंती खोक्यांनी भरलेल्या. जमिनीपासून छतापर्यंत, पलंगाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर. एकूण एक खोका पारदर्शक वेष्टणात, जसा आला तसा.

"हा दुकानाचा माल?"

"नाही," वेस्ली दारातून म्हणाला. "माझे आहेत."

"यातले बांधलेस किती?"

किटली गरम व्हायला लागली.

"वेस्ली, एक तरी?"

"बांधीन ना. एकेक करून, नीट, सवड काढून. एकदा उघडलं की मग... मनात असतं तसं ते राहत नाही, हेटी. बंद आहे तोवर त्यात एकही चूक नसते." त्यानं खिडकीजवळचा एक खोका उचलला. कोपरे उन्हानं फिके झालेले. बंदरात मोठी जहाजं ओढणारी छोटी टगबोट होती त्यावर. तोही नवशिक्यांचाच खोका, रंग आणि गोंदासकट. "हा आजोबांनी दिला होता, मी शाळेत असताना. म्हणाले, आपण मिळून करू. मी म्हटलं, आधी हात बसू दे, मग करू. ते गेले. आता तर... आता हा असाच कसातरी कसा उघडू? योग्य वेळ आली की—"

बाकी काही बोलला असता तरी चाललं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"काय म्हणालास?"

"योग्य वेळ..."

हेटीनं किटली बंद केली.

"योग्य वेळ. पाण्यात न उतरता गावाला पोहायला शिकवतोस तू. म्हणून बोटं स्वच्छ. एक माणूस मी नुकताच परत केलाय, वेस्ली. त्यानंही मला असंच ठेवलं होतं. वेष्टणात, कट्ट्यावर, येता-जाता बघायला. दुसऱ्यांदा मी कुणाच्या फळीवर चढणार नाही. रविवारी पाऊस नसेल तर म्हणे. या गावात पाऊस नसतो कधी?"

तिनं हेलिकॉप्टर बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि दार असं ओढलं की वरची घंटा कितीतरी वेळ वाजत राहिली.

मेळ्याच्या दिवशी सकाळी सभागृहात लांब टेबलं मांडलेली होती, त्यांवर निळं कापड. चहाचं मोठं पिंप गुरगुरत होतं. पंचवीस-तीस पुरुष, बहुतेकांचे चष्मे कपाळावर, एकमेकांच्या विमानांवर वाकलेले. हेटी आत आली तशी एकानं विचारलं, "कुणाला न्यायला आलात?"

"तुम्हाला नाही," हेटी म्हणाली आणि आपलं हेलिकॉप्टर टेबलावर ठेवलं.

पिवळा संपला होता. ऐन मध्यावर संपला. उजवी बाजू कशीबशी पिवळी, ब्रशचे ओरखडे मोजून घ्यावेत अशी. डावी बाजू उघडी, करडं प्लॅस्टिक. आणि त्या उघड्या बाजूवर, लपवायला रंगाचा थेंबही नसलेला, तो अंगठा.

तिनं उघडी बाजूच पुढं केली.

वेस्ली क्लबचा चिटणीस, तो पलीकडे चिटणिसाच्या टेबलाशी होता. तिनं बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे, त्यानं कुठला स्वेटर घातलाय एवढंच बघितलं.

मिस्टर पास्क क्लबचे अध्यक्ष. जन्मभर बंदरात जहाजं आत आणण्याचं काम केलेले, त्यामुळे माणसांकडेही ती खडकावर आपटणार आहेत अशा नजरेनं बघायचे. टॉर्च घेऊन ते टेबलामागून टेबल करत आले आणि हेटीपाशी थांबले.

"मिस ब्लॅनचर्ड, एक बाजू रंगवायची राहिलीय."

"राहिली नाही. रंग संपला. खोक्यातलंच वापरायचं हा नियम तुमचा."

"मग रंगवलेली बाजू पुढं ठेवा. लोक तसंच करतात."

"म्हणूनच ठेवली नाही."

कुणीतरी खुसखुसलं. मिस्टर पास्क वाकले. टॉर्चचा उजेड कुशीवर स्थिरावला आणि हललाच नाही.

"हा अंगठा कुणाचा?"

हेटीनं हात कोटाच्या खिशात घातला. "माझा."

"मोठा आहे."

"मी मोठी आहे."

"दाखवा."

"मी पोलीस चौकीत आलेय का?"

मिस्टर पास्क टॉर्च न विझवता म्हणाले, "दुसऱ्याचा हात लागला असेल तर हे बाद होतं. मी पुन्हा विचारतो. कुणाचा आहे?"

नाव हेटीच्या जिभेवर होतं. पण ती का घेईल? ज्याला पुढं यायचं त्यानं स्वतःच्या पायानं यावं. तो गप्प बसला तर तिचं हेलिकॉप्टर टेबलावर राहणार होतं, आणि तिला काय कळायचं ते कळणार होतं. सहा वर्षं वाट बघितलेल्या बाईनं आणखी एक श्वासभर वाट बघितली. तेवढीच. त्यापुढे एक क्षणही नाही.

चिटणिसाच्या टेबलावर कप ठेवल्याचा आवाज आला.

"माझा आहे," वेस्ली म्हणाला.

सगळ्या माना तिकडे वळल्या. त्याचे कान पेटले होते, पण तो चालत आला. टेबलाच्या कडेला कंबर आपटली, तरी आला.

"तुझा? तू चिटणीस आहेस, ड्रूरी."

"हो. मी धरलं होतं. ती म्हणाली धर, आणि मला धरायचं होतं. म्हणजे... हेलिकॉप्टर नाही. तेही. पण मुख्यतः हेलिकॉप्टर नाही." त्यानं चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "मी हिला दर शनिवारी विचारणार होतो, फिरायला येतेस का. दर शनिवारी पाऊस बघत बसलो. घाबरत होतो, मिस्टर पास्क. सुरू केलं की बिघडेल म्हणून. आता बिघडलंच आहे, तर सांगून टाकतो. हेटी, मला तू आवडतेस. रंग लागलेली, ओरडणारी, आहेस तशी. बाद करा हे. माझ्यामुळे बाद होतंय, तर मलाही चिटणीसपदावरून काढा."

पिंप गुरगुरलं. मिस्टर पास्कनी टॉर्च विझवला आणि हेलिकॉप्टरपुढची पाटी उलटी केली.

"बाद," ते म्हणाले. दोन पावलं जाऊन वळले. "अंगठा मात्र छान बसलाय."

हेटीनं खिशातून हात काढला. काय करावं हे त्या हाताला कळत नव्हतं.

"मोठा आलास. माझं बक्षीस घालवलंस."

"तुला कुठलं बक्षीस मिळणार होतं? अर्धं उघडं आहे ते."

"तरी घालवलंस."

"हो," तो म्हणाला. "थांब. जाऊ नकोस."

तो चिटणिसाच्या टेबलाशी परत गेला आणि खाली वाकला. सकाळपासून तिथं पायाशी ठेवलेली पिशवी घेऊन तो आला. तिच्यातून निघाला तो फिके कोपरे असलेला टगबोटीचा खोका. आसपासचे कपाळावरचे चष्मे भराभर नाकावर आले.

"अरे पोरा, हे आता कुठं मिळत नाही," एक म्हातारा कळवळून म्हणाला. "तसंच ठेव. वेडेपणा करू नकोस."

वेस्लीनं वेष्टणात नख घातलं आणि टराटरा फाडलं. त्या आवाजानं दोन माणसं खरोखर मागं सरकली. झाकण उघडलं. आत कोवळ्या तपकिरी रंगाचे भाग, इतक्या वर्षांत हात न लागलेले. त्यानं रंगाची एक कुपी उघडली. आत दगड. दुसरी, तिसरी, सगळ्यांत दगड. गोंदाची नळी दाबली तर ती काडीसारखी मोडली.

तो त्या नळीकडे बघत राहिला. चेहऱ्यावर जे आलं ते रडणं होतं की हसणं, त्यालाही ठरवता येईना.

"सगळं वाळलं, हेटी. मी जपून ठेवलं होतं."

"जपून ठेवलंस म्हणूनच वाळलं." तिनं पर्स उघडली. लिपस्टिक आणि चाव्यांच्या खालून हेलिकॉप्टरची अर्धी उरलेली नळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "रंग नाही उरला. गोंद आहे."

"तो या खोक्यातला नाही. नियमात बसत नाही."

"वेस्ली."

"घेतो," तो घाईनं म्हणाला.

दोघं टेबलाच्या कडेला, सगळ्यांच्या देखत, खुर्च्या ओढून बसले. त्यानं टगबोटीचे दोन अर्धे, भाग ज्याला जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यातून मोडून काढले, कटर नाही, काही नाही, नुसत्या हातानं.

"आधी धुवायचे असतात ना? वाळवायचे, न चिकटवता जुळवून बघायचे... कोण सांगत होतं?"

"होता एक मूर्ख," वेस्ली म्हणाला. त्यानं कडांना गोंद लावला. जास्तच लागला, बोटांवरून ओघळला, त्याच्या त्या स्वच्छ बोटांवरून. त्यानं दोन्ही बाजू जुळवून तिच्यापुढे केल्या.

"आता तू धर," तो म्हणाला.

हेटीनं सांध्याकडे बघितलं. गोंद कुठं जास्त आलाय ते नीट पाहून घेतलं आणि बरोबर तिथंच अंगठा टेकवला.